घडी म्हणजे कुलूप नव्हे: कॉम्प्रेस्ड ट्रॅफिक वाचायचा कसा, बदलायचा कसा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातला सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)



आजचा विषय सिक्युरिटी टेस्टिंगमधला आहे. नाव थोडं रुक्ष वाटेल: कॉम्प्रेस केलेला वेब ट्रॅफिक तपासणं आणि त्यात बदल करून बघणं. पण हा एपिसोड करावासा वाटला तो एका वाक्यामुळे. टेस्टिंग शिकणाऱ्या मुलांकडून आणि कधीकधी अॅप बनवणाऱ्यांकडूनही ते वाक्य ऐकू येतं: "आमचा डेटा एन्क्रिप्टेड जातो, बघ ना, प्रॉक्सीत नुसता कचरा दिसतोय."

कचरा दिसतोय म्हणजे एन्क्रिप्टेड आहे, असं नसतं. पुष्कळदा तो फक्त घडी घातलेला असतो. साडीची घडी घालून कपाटात ठेवली म्हणून कपाटाला कुलूप लागत नाही. आज आपण घडी ओळखायची कशी, उलगडायची कशी, आत बदल करून परत तशीच घालायची कशी, आणि कुलूप खरं कुठे असतं, हे बघू.

आधी घडी पडते कशी

वेबवर सगळ्यात जास्त दिसणारं कॉम्प्रेशन म्हणजे जीझिप. ज्याँ-लू गाइ आणि मार्क अॅडलर या दोघांनी ते १९९२ मध्ये आणलं. त्याच्या पोटात जी पद्धत आहे तिचं नाव डिफ्लेट, आणि डिफ्लेटमध्ये दोन जुन्या कल्पना एकत्र बांधल्यात.

पहिली कल्पना एलझेड७७. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांची, १९७७ सालची. ती समजायला आरतीसंग्रहाचं छोटं पुस्तक डोळ्यांसमोर आणा. ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्याखाली फक्त पहिला शब्द आणि 'धृ'. वाचणाऱ्याला कळतं, वर जाऊन ते सगळं परत म्हणायचं. एलझेड७७ हेच करतं: "मागे इतकी अक्षरं जा, तिथून इतकी अक्षरं उचल." डिफ्लेटमध्ये मागे बघायची मर्यादा ३२ किलोबाइट आहे, आणि एका वेळी जास्तीत जास्त २५८ बाइट उचलता येतात.

दुसरी कल्पना हफमन कोडिंग, १९५२ सालची. घरात ज्याला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची असते त्याचं नाव आपोआप बाळ्या, पिंकी असं छोटं होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांचं पूर्ण नाव घेतलं तरी चालतं. तसंच इथे: जे चिन्ह वारंवार येतं त्याला कमी बिट, क्वचित येतं त्याला जास्त बिट.

आता जेसन किंवा एचटीएमएल आठवा. तीच ती की-ची नावं, तेच ते टॅग. म्हणजे नुसती ध्रुवपदंच. म्हणून वेबचा मजकूर कॉम्प्रेस केला की बराच लहान होतो, आणि तुमचा मोबाइल डेटा वाचतो. फोटो मात्र आधीच जेपेगसारख्या फॉरमॅटमध्ये दाबलेला असतो, त्याला परत दाबून फारसं काही मिळत नाही.

यात एक गोष्ट लक्षात आली का? कुठेही पासवर्ड नाही, की नाही. उलगडायला जे लागतं ते सगळं त्या घडीतच लिहिलेलं आहे.

ब्राउझर आणि सर्व्हरचं बोलणं

ब्राउझर रिक्वेस्ट पाठवताना एक हेडर लावतो: अॅक्सेप्ट-एन्कोडिंग. त्याचा अर्थ, "मला या या घड्या उलगडता येतात." आजचा क्रोम त्यात जीझिप, डिफ्लेट, बीआर आणि झेडएसटीडी अशी चार नावं सांगतो. बीआर म्हणजे ब्रॉटली, गूगलमधून आलेलं. त्याचं स्टँडर्ड २०१६ चं. झेडएसटीडी म्हणजे झेडस्टँडर्ड, फेसबुकमध्ये यान कोले यांनी केलेलं आणि २०१६ मध्येच ओपन सोर्स झालेलं. क्रोममध्ये ते २०२४ मध्ये आलं.

सर्व्हर यातलं एक निवडतो आणि उत्तरावर दुसरं हेडर लावतो: कंटेंट-एन्कोडिंग. म्हणजे, "मी ही घडी घातली आहे." दोन वेळा घडी घातली असेल तर नावं स्वल्पविराम देऊन क्रमाने येतात, आणि उलगडताना शेवटच्या नावापासून सुरुवात करायची. शर्ट आधी काढून मग स्वेटर काढता येत नाही, तसंच.

एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन या सगळ्याच्या बाहेरून असतं. आधी बॉडी कॉम्प्रेस होते, मग ते सगळं टीएलएसमध्ये गुंडाळून जातं. तुम्ही बर्प किंवा मिटमप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी मध्ये लावता आणि तिचं सर्टिफिकेट फोनवर बसवता, तेव्हा टीएलएसचं आवरण निघतं. त्यानंतरही जो कचरा उरतो, तो आजचा विषय. आणि जर आवरणच निघत नसेल, तर ती वेगळी अडचण आहे: अँड्रॉइड ७ पासून अॅप्स युजरने घातलेल्या सर्टिफिकेटवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत. तिथे कॉम्प्रेशनला दोष देऊ नका.

कचरा कोणता आहे, हे ओळखायचं कसं

आधी हेडर बघा. कंटेंट-एन्कोडिंग असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर बॉडीचे पहिले काही बाइट हेक्समध्ये बघा.

जीझिप नेहमी १एफ, ८बी ने सुरू होतं. तिसरा बाइट ०८, म्हणजे आत डिफ्लेट आहे.

झेडलिब नावाचं पातळ वेष्टन असेल तर पहिला बाइट बहुतेक वेळा ७८ आणि त्यापुढे ०१, ९सी किंवा डीए.

झेडस्टँडर्डचे पहिले चार बाइट २८, बी५, २एफ, एफडी.

ब्रॉटलीला अशी ओळखखूणच नाही. ते उलगडून बघूनच कळतं.

डिफ्लेट या नावाचा मात्र जुना घोळ आहे. स्टँडर्डप्रमाणे हेडरमध्ये 'डिफ्लेट' म्हटलं की झेडलिबचं वेष्टन असायला हवं. पण काही सर्व्हर वेष्टनाशिवाय उघडं डिफ्लेट पाठवतात. म्हणून एका पद्धतीने उलगडलं नाही तर लगेच हात टेकू नका, दुसरी पद्धत लावून बघा.

आता मोबाइल अॅपवाल्यांसाठी खास खूण. पुष्कळ अॅप्स आधी जीझिप करतात, मग बेस६४ करतात, आणि ती लांबलचक स्ट्रिंग जेसनच्या एखाद्या फील्डमध्ये टाकतात. मग कुठलंच हेडर मदतीला येत नाही. पण बेस६४ मधल्या जीझिपची सुरुवात कायम एकच असते: कॅपिटल एच, चार, लहान एस, कॅपिटल आय. एच-चार-एस-आय. हे पाठ करून ठेवा. झेडलिब असेल तर सुरुवात बहुतेक वेळा लहान ई आणि कॅपिटल जे अशी होते. ही अक्षरं दिसली की समजायचं, 'सिक्रेट टोकन' वगैरे काही नाही, घडी आहे.

या कुठल्याच खुणा नसतील तर? मग तो प्रोटोबफसारखा बायनरी फॉरमॅट असू शकतो, किंवा खरंच एन्क्रिप्टेड असू शकतो. एक सोपी कसोटी आहे, अर्थात पुरावा नव्हे: तीच रिक्वेस्ट तसाच मजकूर ठेवून दोनदा पाठवा. कॉम्प्रेशनचा निकाल साधारण तोच येतो. नीट केलेल्या एन्क्रिप्शनमध्ये दर वेळी वेगळा नॉन्स असतो, त्यामुळे बाइट पूर्ण बदलतात.

नुसतं वाचायचं असेल तर

तीन वाटा आहेत.

पहिली: घडी घालूच द्यायची नाही. जाणाऱ्या रिक्वेस्टमधून अॅक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर काढून टाकायचं. बर्पमध्ये मॅच अँड रिप्लेसच्या यादीत यासाठी नियम तयारच मिळतो, फक्त चालू करायचा. मिटमप्रॉक्सीत 'अँटीकॉम्प' नावाचा ऑप्शन हेच काम करतो. बहुतेक सर्व्हर मग साधा मजकूर देतात. पण हेडर नसलं म्हणून सर्व्हरने कॉम्प्रेस करायचं नाही असं कुठे बंधन नाही, त्यामुळे काही ठिकाणी ही वाट बंद असते.

दुसरी: प्रॉक्सीला उलगडू द्यायचं. बर्पमध्ये कॉम्प्रेस्ड रिस्पॉन्स उलगडण्याचा पर्याय असतो. मिटमप्रॉक्सीच्या पायथन स्क्रिप्टमध्ये प्रत्येक मेसेजला दोन रूपं असतात: 'कंटेंट' म्हणजे उलगडलेलं आणि 'रॉ कंटेंट' म्हणजे वायरवरून आलं तसं. ही जोडी नीट समजली की निम्मं काम झालं.

तिसरी: हाताने. बाइट फाइलमध्ये साठवा आणि पायथनच्या झेडलिब मॉड्यूलने उलगडा. वेष्टन कोणतं ते एका आकड्याने सांगायचं असतं. तो 'डब्ल्यूबिट्स' नावाचा पॅरामीटर: जीझिपला ३१, झेडलिबला १५, उघड्या डिफ्लेटला उणे १५. एवढे तीन आकडे पुष्कळ रात्री वाचवतात.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टेस्ट झाल्यावर आपण साठवलेल्या ट्रॅफिकमध्ये शोध घेतो: कुठे मोबाइल नंबर जातोय का, पॅन जातोय का, टोकन जातोय का. हा शोध जर घडी घातलेल्या बाइटवर चालला, तर तो काहीच सापडलं नाही म्हणून सांगणार. एरर येणार नाही, वॉर्निंग येणार नाही. नुसता शून्य. आणि तो शून्य रिपोर्टमध्ये "संवेदनशील माहिती आढळली नाही" असा छापून जातो. अॅपमधून तिसऱ्याच कंपनीच्या अॅनालिटिक्स सर्व्हरकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट पुष्कळदा जीझिप केलेल्या असतात. म्हणजे जिथे बघायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच आंधळेपणा. त्यामुळे शोधाआधी एक चाचणी करा: स्वतः एक ओळखीचा शब्द अॅपमध्ये टाइप करा, उदाहरणार्थ 'कोथिंबीरवडी', आणि तो शब्द शोधात सापडतो का ते बघा. तो सापडत नसेल तर तुमचा शोध कशालाच प्रमाण नाही.

बदल करायचा असेल तर

वाचणं सोपं. बदलताना लोक अडकतात.

घडी घातलेल्या बाइटमध्ये थेट हात घालता येत नाही. मधेच एखादा शब्द वाचता येण्यासारखा दिसला आणि त्यातलं अक्षर बदललं, तर हफमनचे बिट सरकतात आणि पुढचं सगळं बिघडतं. शिवाय मागचं धृ बदललं की त्याकडे बोट दाखवणारी पुढची सगळी कडवीही बदलतात. आणि जीझिपच्या शेवटी ८ बाइट असतात: ४ बाइट सीआरसी-३२ चे आणि ४ बाइट मूळ लांबीचे. उलगडल्यावर ते जुळले नाहीत की फाइल खराब म्हणून परत.

म्हणून क्रम असा: उलगडा, बदला, मग पुढे दोन पर्याय. एक, परत त्याच पद्धतीने घडी घाला आणि कंटेंट-लेंग्थ हेडर नव्या लांबीचं करा. दोन, घडी घालूच नका, पण मग कंटेंट-एन्कोडिंग हेडर काढून टाका, आणि लांबी तरीही दुरुस्त करा.

दोन्हीची सरमिसळ झाली की गंमत होते. मजकूर साधा आणि हेडर म्हणतंय जीझिप, तर क्रोम कंटेंट डिकोडिंग फेल झाल्याची एरर दाखवतो. घडी आहे पण हेडर नाही, तर स्क्रीनवर चिन्हांचा पाऊस. लांबी जुन्याच मजकुराची राहिली, तर पान अर्धवट तुटतं नाहीतर उरलेल्या बाइटची वाट बघत लटकतं. यातली कुठलीही एरर आली तर "सर्व्हरने आपला बदल पकडला" असा निष्कर्ष काढू नका. सर्व्हरपर्यंत आपला बदल नीट पोचलाच नसेल.

बर्प लांबी स्वतः दुरुस्त करतो. मिटमप्रॉक्सीत 'कंटेंट'ला नवा मजकूर दिला की हेडरप्रमाणे तो परत कॉम्प्रेस होतो. पण बेस६४ मध्ये दडलेली घडी असेल तर कुठलीच प्रॉक्सी ती ओळखून आपोआप परत घालत नाही. तिथे स्क्रिप्ट लिहावी लागते: बेस६४ काढ, जीझिप काढ, बदल, जीझिप कर, बेस६४ कर. पाच ओळी. आळस करू नका.

रिक्वेस्टची बाजू: इथे खरी मेख आहे

रिस्पॉन्सचं कॉम्प्रेशन सगळ्यांना माहीत असतं. रिक्वेस्टचं कमी लोक तपासतात.

समजा एक तिकीट बुकिंगचं अॅप आहे. बुकिंगची रिक्वेस्ट जीझिप होऊन जाते. प्रॉक्सीत कचरा दिसतो, म्हणून टेस्टर पुढे जातो. उलगडून बघितलं तर आत जेसन आहे: सीटची संख्या, शोचा नंबर, आणि किंमत. किंमत फोनमधून का जावी? जाऊ दे, गेली. प्रश्न एवढाच की सर्व्हर ती स्वतःच्या डेटाबेसशी पडताळतो का. हे बघायला किंमत बदलून, परत जीझिप करून पाठवावं लागतं. ज्याने उलगडलंच नाही त्याच्या रिपोर्टमध्ये हा प्रश्न कधी येणारच नाही. आणि ज्या डेव्हलपरने "कोणाला दिसत नाही" म्हणून पडताळणी लिहिली नाही, त्याची चूक तशीच प्रॉडक्शनमध्ये बसून राहणार.

रिक्वेस्टच्या बाजूला आणखी तीन तपासण्या करा.

एक. तीच रिक्वेस्ट घडीशिवाय, हेडर काढून पाठवा. सर्व्हरने स्वीकारली तर तुमचं पुढचं काम खूप सोपं. आता साध्या मजकुरात टेस्ट करता येईल.

दोन, उलटं. साधी जाणारी रिक्वेस्ट जीझिप करून, हेडर लावून पाठवा. सर्व्हरला जमत नसेल तर त्याने ४१५ द्यायला हवं. पण जमत असेल, आणि समोर बसवलेली वेब फायरवॉल मात्र जीझिप उलगडत नसेल, तर? जो मजकूर फायरवॉल एरवी अडवते तोच घडीतून आत जातो. दाराशी पिशवी न उघडता सोडणारा वॉचमन आणि आत ती उघडून वापरणारा स्वयंपाकी. दोघांनी एकच गोष्ट बघायला हवी, हा इथला नियम.

तीन, घडीचा बॉम्ब. डिफ्लेटमध्ये गुणोत्तर जास्तीत जास्त साधारण १०३२ ला १ इतकं जाऊ शकतं. म्हणजे नुसत्या शून्यांची १ जीबी फाइल साधारण १ एमबीत बसते. सर्व्हरने आलेल्या बाइटवर मर्यादा लावली, पण उलगडलेल्या बाइटवर लावली नाही, तर त्याची मेमरी संपते. हे तपासताना १ जीबी पाठवायची काहीच गरज नाही. मर्यादेपेक्षा थोडंसं जास्त उलगडेल एवढं छोटं पाठवा आणि सर्व्हर नकार देतो का ते बघा. चालू सिस्टिम पाडणं ही टेस्टिंग नव्हे.

जाता जाता दोन नावं. वेबसॉकेटमध्ये परमेसेज-डिफ्लेट नावाची सोय असते. तिथे आधीच्या मेसेजमधली ध्रुवपदं पुढच्या मेसेजला वापरता येतात, त्यामुळे मधलाच एक मेसेज उचलून उलगडत नाही, सुरुवातीपासून यावं लागतं. आणि जीआरपीसीमध्ये प्रत्येक मेसेजच्या आधी ५ बाइट असतात: पहिला सांगतो कॉम्प्रेस्ड आहे की नाही, पुढचे ४ लांबी सांगतात. बदल केला की ते ४ बाइटही बदला.

मग कुलूप कुठे असतं?

तीन उदाहरणं घेऊ.

ऑफिसमध्ये एका लॉगिनवर सगळी अॅप्स उघडतात ना, त्यात पुष्कळ ठिकाणी सॅमल असतं. त्याच्या रिडायरेक्ट प्रकारात एक्सएमएल आधी उघड्या डिफ्लेटने दाबतात, मग बेस६४, मग यूआरएलमध्ये टाकतात. अॅड्रेस बारमधली ती भयानक स्ट्रिंग कोणीही वाचू शकतं. सही असेल तर ती वेगळ्या पॅरामीटरमध्ये असते. टेस्टरचं काम: मजकूर बदलायचा आणि सही तपासली जाते का ते बघायचं.

दुसरं, फ्लास्क. पायथनमधल्या या फ्रेमवर्कची सेशन कुकी टिंबाने सुरू झाली तर ती झेडलिबने दाबलेली असते. उलगडा, आतलं सगळं दिसेल. पण बदललं तर सर्व्हर नाकारतो, कारण शेवटी सर्व्हरच्या सिक्रेट कीने केलेली सही असते. ती की जर कुठल्या तरी ट्यूटोरियलमधून जशीच्या तशी उचललेली असेल, तर मात्र सहीला काही अर्थ नाही.

तिसरं तुमच्या घरातलं. आधारचा सिक्युअर क्यूआर कोड. स्कॅन केलं की एक प्रचंड मोठा आकडा मिळतो. तो बाइटमध्ये बदलून जीझिप उलगडलं की नाव, पत्ता, छोटा फोटो अशी माहिती निघते. म्हणजे लपवलेलं नाहीये. पण शेवटचे २५६ बाइट ही यूआयडीएआयची २०४८ बिटची डिजिटल सही आहे. पत्त्यातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. म्हणून नुसतं स्कॅन करून नाव वाचणारं अॅप आणि सही पडताळणारं अॅप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिन्हींमध्ये घडी सगळ्यांना उघडता येते. बदल अडवते ती सही. आणि मघाचं सीआरसी-३२? ती सही नव्हे. वाटेत बाइट खराब झाला का एवढंच ते सांगतं. बदल करणारा माणूस नवीन सीआरसी स्वतःच काढून लावतो.

घडीची जाडीसुद्धा बोलते

शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. आत्तापर्यंत आपण म्हणत होतो की कॉम्प्रेशन काही लपवत नाही. पण एन्क्रिप्शनबरोबर ते चुकीच्या जागी बसलं, तर एन्क्रिप्शनने लपवलेलंही ते बाहेर सांगतं.

कसं? एन्क्रिप्शन मजकूर लपवतं, लांबी नाही. आता समजा एकाच पानात एक गुप्त टोकन आहे आणि तुम्ही सर्च बॉक्समध्ये टाकलेला शब्दही आहे. हल्लेखोराने अंदाजाने टोकनची सुरुवात टाकली आणि ती बरोबर निघाली, तर ती 'धृ' ठरते. उत्तर एखाद्या बाइटने लहान होतं. चुकली तर होत नाही. असं एकेक अक्षर करत पूर्ण टोकन.

२०१२ मध्ये हुलियानो रिझ्झो आणि थाय डुओंग यांनी हे क्राइम नावाने दाखवलं, टीएलएसच्या पातळीवरच्या कॉम्प्रेशनवर. त्यानंतर ब्राउझरांनी ते बंद केलं, आणि २०१८ च्या टीएलएस १.३ मधून ते काढूनच टाकलं. एचटीटीपी/२ च्या हेडरसाठी एचपॅक ही वेगळी पद्धत करावी लागली, त्यामागेही हेच कारण. २०१३ मध्ये योएल ग्लक, नील हॅरिस आणि आंजेलो प्राडो यांनी ब्लॅक हॅटमध्ये ब्रीच मांडलं. ते थेट रिस्पॉन्सच्या बॉडीवर होतं, आणि बॉडीचं कॉम्प्रेशन तर सगळं जग वापरतं. बंद कसं करणार?

म्हणून उपाय वेगळा निघाला. जँगोने १.१० आवृत्तीपासून सीएसआरएफ टोकन दर वेळी वेगळ्या रूपात द्यायला सुरुवात केली. रूप दर वेळी बदललं की धृ जुळतच नाही.

टेस्ट करताना तीन प्रश्न विचारा: हे पान कॉम्प्रेस होतंय का? युजरने दिलेला शब्द त्यात परत छापला जातोय का? त्याच पानात न बदलणारं गुपित आहे का? तिन्हींना हो असेल, तर रिपोर्टमध्ये लिहा.

आणि हे कुठे करायचं

स्वतःच्या सर्व्हरवर, सरावासाठी बनवलेल्या लॅबमध्ये, किंवा लेखी परवानगी असलेल्या सिस्टिमवर. परवानगीत कोणते डोमेन येतात ते वाचा. अॅप एका कंपनीचं आणि अॅनालिटिक्सचा सर्व्हर दुसऱ्याचा, तर स्वतःच्या फोनमधून काय जातंय ते वाचणं वेगळं आणि त्या दुसऱ्याच्या सर्व्हरला बदललेल्या रिक्वेस्ट मारणं वेगळं. आपल्या आयटी अॅक्टचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या शिरकावाबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीसाठी केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी तर फक्त शिकत होतो" हे कोर्टात सांगायची वेळ आणू नका. चुकून काही सापडलंच, तर कंपनीला कळवा, किंवा सर्ट-इनकडे नोंदवा.

आजच्या रात्रीचा गृहपाठ. स्वतःच्या लॅपटॉपवर एक छोटा सर्व्हर लिहा जो जीझिप रिक्वेस्ट घेतो. मध्ये मिटमप्रॉक्सी लावा. एक किंमत पाठवा, वाटेत बदला, परत घडी घाला. सर्व्हरला कळलं का? नसेल कळलं, तर आता तुम्हाला माहीत आहे की पडताळणी कुठे लिहायची: सर्व्हरवर, घडी उलगडल्यानंतर.

पुढच्या भागात प्रोटोबफ, म्हणजे तो कचरा जो घडीही नाही आणि कुलूपही नाही. तोवर, प्रॉक्सीत काही विचित्र दिसलं तर पुढे जाण्याआधी पहिले दोन बाइट बघा. भेटूच.